एटीएममुळे कॅशियर संपले? नाही!

ऑटोमेशनचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘एटीएम आलं आणि बँकेतले कॅशियर गेलेच ना!’ हे खरं नाही.

पहिलं एटीएम १९६७ साली लंडनमध्ये एनफिल्डला सुरू झालं, भारतात १९८७ साली मुंबईत. अमेरिकेत एटीएमचं जाळं पसरलं त्या काळात कॅशियरची संख्या घटली नाही, थोडी वाढलीच. एका शाखेला माणसं कमी लागू लागली, शाखा चालवणं स्वस्त झालं, म्हणून बँकांनी आणखी शाखा उघडल्या. नोटा मोजायचं काम यंत्राकडे गेलं, ग्राहकाशी बोलणं माणसाकडे राहिलं. पुढे मोबाईल बँकिंगच्या काळात ही संख्या खाली आली, हेही सांगायला हवं.

गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका शाखेत माझ्यापुढे एक आजी होत्या. यजमान नुकतेच गेलेले, पिशवीत एफडीच्या पावत्या. काउंटरवरच्या मुलीने त्यांना खुर्ची दिली, नॉमिनीचं नाव तपासलं, फॉर्म ओळ न् ओळ वाचून दाखवला. ‘‘आजी, घाई नाही. सावकाश सही करा.’’

मागे रांग वाढली होती. कुणी कुरकुरलं नाही.