एचपीव्हीची लागण आणि वय: आपल्याकडचा आलेख वेगळा का?

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बहुधा चाळिशी-पन्नाशीत उघड होतो, म्हणून तो त्या वयाचाच आजार, असं अजून कितीतरी घरांत धरलं जातं. बी मात्र फार आधी पडलेलं असतं: एचपीव्ही, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या लागणीतून.

१८४२ साली डोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी इटलीतल्या वेरोना शहराच्या मृत्युनोंदी तपासल्या. हा कॅन्सर नन्समध्ये क्वचित, लग्न झालेल्या बायकांत जास्त दिसत होता. कारण हाती लागायला १९८३ उजाडलं. त्या वर्षी जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेत एचपीव्ही १६ हा प्रकार सापडला.

पुढे विषाणूचा डीएनए तपासता येऊ लागला आणि वयाचा हिशोब सुरू झाला. अमेरिकेच्या २००३-०४ च्या पाहणीत २० ते २४ वयाच्या ४४.८ टक्के स्त्रियांत एचपीव्ही आढळला, तर पन्नाशीतल्यांत १९.६ टक्के. शरीरसंबंध सुरू झाले की लागण होते आणि बहुतेकींचं शरीर एक-दोन वर्षांत ती परतवून लावतं, असं हे चित्र.

तमिळनाडूतल्या दिंडिगुल जिल्ह्यात मात्र, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, विवाहित स्त्रियांमधलं प्रमाण १६.९ टक्के निघालं आणि वयानुसार ते फारसं उतरलंच नाही. यात नवी लागण किती आणि वर्षानुवर्षं मुरलेली किती, हे एका तपासणीतून कळत नाही. पण एक बाजू विसरून चालणार नाही: ब्राझील, मेक्सिको आणि अमेरिकेतल्या पुरुषांच्या २०११ च्या अभ्यासात नव्या लागणीचा वेग वयाबरोबर कमी होताना दिसला नाही. बाईच्या वयाचा आलेख वाचताना तिच्या जोडीदाराचाही विचार करावाच लागतो.

तिशीनंतर सापडणारा विषाणू टिकून राहिलेला असण्याची शक्यता जास्त, आणि धोका त्याचाच. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर मोठी चाचणी केली. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, नेहमीच्याच सेवेवर असलेल्या, संख्येने थोड्या लहान गटात ६४. तपासणीत विषाणू न सापडलेल्या एकीचाही या कॅन्सरने मृत्यू झाला नाही.

लस मात्र लागण होण्याआधीच, ९ ते १४ वयात घ्यायची; पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक जानेवारी २०२३ पासून आहे.