जुन्या इलेक्ट्रिक कारची बॅटरी : बदलायची, दुरुस्त करायची की वाढवायची?

गाडी पूर्वीइतकी पळत नाही म्हटल्यावर बहुतेक जण थेट नव्या पॅकचा, म्हणजे गाडी चालवणाऱ्या मोठ्या बॅटरीचा भाव विचारतात. भाव आम्ही सांगू, पण मोजमाप झाल्यावर. पॅक हा गाडीतला सगळ्यात महाग भाग, आणि तो पूर्ण बदलायची वेळ वाटते तितक्यांदा येत नाही.

आधी रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती पळते याचा हिशेब नीट धरा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे. गोव्याहून चोर्ला घाट चढून येताना माणसं-सामान भरलेल्या टाटाच्या इलेक्ट्रिक नेक्सॉनला नुसत्या चढासाठी साडेतीन-चार युनिट लागतात. पहिल्या नेक्सॉनचा पॅक ३०.२ युनिटचा, म्हणजे आठवा हिस्सा घाटातच गेला. म्हणून जाऊन-येऊन त्याच रस्त्याचा आकडा धरा, एकेरी फेरीचा नको.

गाडी मुळीच 'रेडी' (निघायला तयार) होत नसेल तर बारा व्होल्टची छोटी बॅटरी तपासा. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजल्यावर १२.२ व्होल्टच्या खाली दिसली तर बहुधा दोष तिचाच. चार्जर घरी मध्येच बंद पडतो आणि दुसरीकडे नीट चालतो, तर अर्थिंग बघा. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांत अर्थिंगची तार असते, पण खड्डा कोरडा ठणठणीत असतो. पंधरा अँपियरचा स्वतंत्र सॉकेट आणि ओलावा धरणारा अर्थिंगचा खड्डा, एवढ्यावर पुष्कळ तक्रारी मिटतात.

तरी शंका राहिली तर गाडी आणा. आम्ही ती हळू चार्जरवर १०० टक्के भरतो आणि सेल समान पातळीवर येण्यासाठी काही तास तशीच ठेवतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे अर्धवट चार्जिंगची सवय असलेल्या गाडीचा टक्क्यांचा काटा भरकटतो. कधीकधी एवढ्यानेच 'गेलेली' रेंज परत येते. मग पॅक रिकामा करत किती युनिट निघाले ते मोजतो. मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांहून जास्त निघाले आणि तुमची धाव शहरापुरती असेल, तर पैसे खर्च करू नका असंच आमचं मत.

काटा पंचवीस टक्क्यांवरून एकदम आठवर कोसळत असेल तर मात्र एखादा सेल कमजोर आहे. सेल एका ओळीत जोडलेले असतात. सगळ्यात दुबळा सेल खालच्या मर्यादेला टेकला की बीएमएस (सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा) गाडीची ताकद कापते, बाकीच्यांत कितीही वीज शिल्लक असो.

अशा वेळी एकच मॉड्यूल, म्हणजे पॅकमधला सेलचा एक गट, बदलता येतं, पण त्या जागी कोरं करकरीत बसवणं बहुतेकदा चूक ठरतं. पॅकची क्षमता जुन्या सेलवरच अडते आणि नव्या-जुन्यांचं संतुलन सतत बिघडत राहतं. आम्ही क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून जुळणारं वापरलेलं मॉड्यूल निवडतो आणि जोडण्यापूर्वी व्होल्टेज एका पातळीवर आणतो. बसबारचे (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) नट नेमक्या जोराने आवळणाऱ्या टॉर्क रेंचनेच आवळतो. सैल राहिलेला सांधा तापतो आणि वितळतो. झाकणाचं गॅस्केट दर वेळी नवं, नंतर हवेच्या दाबाची गळती चाचणी. खानापूर-जांबोटीच्या पावसात जुनं गॅस्केट टिकत नाही. पावसाळ्यात इन्सुलेशनचा (वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपत असल्याचा) इशारा आला तर दोष पॅकबाहेरच्या कनेक्टरमध्ये किंवा एसीच्या कंप्रेसरमध्येही असू शकतो, म्हणून आधी ते वेगळे करून तपासतो.

हे काम घरी करू नका. नेक्सॉनचा पॅक सुमारे ३२० व्होल्टचा आहे, आणि पॅकची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटं जीवघेणा व्होल्टेज राहतो.

क्षमता वाढवायची मागणी रेवा या जुन्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीवाल्यांकडून जास्त येते, आणि तिथे ती योग्यही आहे. सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या जागी १६ एलएफपी सेल बसतात, वजन निम्म्याहून कमी होतं आणि डिस्टिल्ड वॉटरची कटकट सुटते. पण जुना चार्जर तसाच ठेवायचा नाही! १६ सेलची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट; लेड-ॲसिडचं इक्वलायझिंग (सेल समान करायला मुद्दाम दिलेला जादा चार्ज) त्याच्या वर जाऊन सेल फुगवतं. चार्जर, बीएमएस आणि फ्यूज तिन्ही बदलावे लागतात. कमी झालेल्या वजनाने गाडी स्प्रिंगवर उचलली जाते, तेही बघावं लागतं. नेक्सॉनसारख्या गाडीत मोठा पॅक मात्र आम्ही बसवत नाही, कारण मूळ बीएमएस त्याला ओळखत नाही.

कंपनीची वॉरंटी चालू असेल तर पॅकला हातही लावू देऊ नका, आम्हालासुद्धा. पहिल्या नेक्सॉनला आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी संपेल तेवढी आहे. मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. केए-२२ची गाडी बेळगावला, केए-२३ची चिकोडीला, एमएच-०९ची कोल्हापूरला. परवानगी हातात आल्यावरच काम सुरू होईल, आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा.

काढलेला पॅक भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जातो, आणि तिथली पावती आम्ही तुमच्या बिलाला जोडतो. येताना आरसी, विम्याची प्रत आणि दोन्ही किल्ल्या आणा. गाडी रात्रभर ठेवावी लागेल.