धुराड्याच्या धुरावर वाढणारं शेवाळ: कल्पना सत्तर वर्षांची

पावसाळ्यात हौदाच्या कडेला हिरवी बुळबुळीत साय धरते, तेव्हा ती हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढूनच वाढत असते. असं एक किलो सुकं सूक्ष्मशैवाल, म्हणजे बारीक पेशींचं शेवाळ, तयार व्हायला साधारण १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. कारखान्याचा धूर या शेवाळाला द्यावा आणि त्याच्या अंगातल्या तेलाचं डिझेल करावं, हा विचार म्हणूनच पुन:पुन्हा डोकं वर काढतो.

सुरुवात अन्नापासून झाली. १९५१मध्ये अमेरिकेत केंब्रिज इथल्या एका इमारतीच्या छतावर कार्नेगी या संशोधन संस्थेसाठी क्लोरेला नावाचं शेवाळ वाढवून पाहिलं, ते वाढत्या लोकसंख्येची पोटं भरण्यासाठी. इंधनाचा धागा जोडला अमेरिकी संशोधक विल्यम ऑस्वाल्ड यांनी. १९६०मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी गोल्युके यांनी मांडलं, की सांडपाण्यावर शेवाळ वाढवा, ते कुजवून मिथेन काढा, तो जाळून वीज करा आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड परत तळ्यात सोडा.

तेलाचे भाव भडकल्यावर, १९७८मध्ये अमेरिकी सरकारने शेवाळापासून इंधन काढण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. तो १९९६पर्यंत चालला आणि त्यावर सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च झाले. संशोधकांनी तीन हजारांहून अधिक वाण गोळा केले. न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलला ऑस्वाल्ड यांच्या धाटणीची, हजार-हजार चौरस मीटरची उथळ तळी बांधली. पाणी चाकाने फिरत ठेवायचं, म्हणजे प्रत्येक पेशीला ऊन मिळतं. सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक तळ्यांनी पचवला, पण वाळवंटी रात्रींच्या गारठ्याने वाढ खुंटली. दुसरा धडा जास्त जिव्हारी लागणारा होता. शेवाळाला मिळणारा नायट्रोजन बंद केला की पेशीत तेल साठतं, पण पेशींची वाढच मंदावते, त्यामुळे एकूण तेल काही वाढत नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा धडा हाच, आणि पुढच्या अनेकांनी तो पुरेसा मनावर घेतला नाही.

नव्वदच्या दशकात जपानने कार्बन शोषणावर भर दिला. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या वीजकेंद्राच्या धुरावर प्रयोग करणाऱ्या ग्रीनफ्युएल कंपनीने ॲरिझोनातल्या रेडहॉक वीजकेंद्रापाशी हरितगृह उभारलं. २००७मध्ये तिथे शेवाळ इतक्या झपाट्याने वाढलं, की काढणीच पुरी पडेना. २००९मध्ये कंपनी बंद पडली. त्याच वर्षी एक्सॉन या तेलकंपनीने शेवाळाच्या इंधनावर ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची घोषणा केली. २०२३च्या सुरुवातीला तिनेही हात आखडता घेतल्याचं समोर आलं.

घोडं अडतं ते काढणीत. उघड्या तळ्याच्या लिटरभर पाण्यात सुकं शेवाळ जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. म्हणजे किलोभरासाठी हजार-दोन हजार लिटर पाणी गाळायचं. शिवाय ते डिझेल जाळलं की पकडलेला कार्बन पुन्हा हवेत जातो. वाचतं ते त्याच्या जागी न जाळलेलं खनिज तेल. धुराड्याचा हिशेब मांडताना ही गोष्ट स्पष्ट सांगायलाच हवी.

ऑस्वाल्ड यांच्या धाटणीची चाकाची तळी आज स्पिरुलिना हे खाण्याचं शेवाळ पिकवतात. पूरक आहार म्हणून तिच्या किलोला मिळणारा भाव डिझेलला कधीच मिळणार नाही.