बॅरल ढिली की स्कोप ढिला?

ब्रेक-बॅरल एअर रायफल, म्हणजे बॅरल (नळी) खाली दुमडून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग दाबून शॉटसाठी तयार करायची, अचानक भलतीकडे मारायला लागली की लोक आधी छर्रे बदलतात, मग स्कोपला, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीला, शिव्या घालून नवा स्कोप आणतात, आणि तरी शॉट पांगलेलेच. कारण बॅरल ढिली असणं आणि स्कोपचा माउंट (त्याला रायफलवर धरून ठेवणारी पकड) ढिला असणं, दोन्ही टार्गेटवर वरवर सारखंच दिसतं. काहीही तपासण्याआधी स्टॉकचे, म्हणजे दस्त्याचे, स्क्रू आवळून घ्या, ते सुटले असतील तर पुढचं सगळं तपासणं वाया.

आता फरक. स्प्रिंगवाल्या रायफलला धक्का दोन्हीकडून बसतो, स्प्रिंगने ढकललेला पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन थांबताना पुढे झटका खाते, त्यामुळे माउंट सैल असेल तर स्कोप हळूहळू मागे सरकतो. म्हणून बऱ्याचदा ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा झुबका, बरा येतो पण अख्खा ग्रुपच जागा सोडतो. माउंटच्या पुढच्या कडेला लागून रेलवर (माउंट बसतो त्या पट्टीवर) पेन्सिलने रेघ मारा, थोडे शॉट मारल्यावर माउंट आणि रेघेत फट दिसली की चोर सापडला.

बॅरलचं तसं नसतं. प्रत्येक शॉटला ती उघडून बंद करावी लागते, आणि पिव्हट बोल्ट, म्हणजे ज्यावर ती दुमडते तो बोल्ट, सैल असला तर दरवेळी ती किंचित वेगळ्या जागी बसते, म्हणून ग्रुप सरकत नाही, फुटतो, कधीकधी चक्क दोन वेगळे झुबके पडतात. आणि ही हालचाल डोळ्याला दिसण्याइतकी असायची गरजच नाही! बॅरल ४० सेमीची धरली आणि टोक फक्त ०.१ मिमी सरकलं, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढं, तर १० मीटरवर छर्रा २.५ मिमी बाजूला जातो. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर तेवढंच, म्हणजे आख्खा एक पॉइंट गेला.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती टेस्ट अशी, पुढची आणि मागची दोन्ही साइट (नेम धरायच्या साध्या खुणा) बॅरलवरच असेल तर स्कोप काढून त्या साइटवर मारा. बॅरल हलली तरी साइट तिच्याबरोबरच हलतात, पण स्कोप सिलेंडरवर, म्हणजे पिस्टन आणि स्प्रिंग असलेल्या मागच्या नळीवर, बसलेला असतो, त्याला काहीच कळत नाही. साइटवर ग्रुप आवळला तर संशय बॅरल किंवा स्कोपवर, नाही आवळला तर छर्रे, नेम, बॅरलची आतली बाजू बघा. मागची साइट सिलेंडरवर असेल तर मात्र ही टेस्ट उपयोगाची नाही. मग रायफल रिकामी आणि कॉक न केलेली आहे याची खात्री करून, बॅरल बंद ठेवून टोक धरून डावी-उजवीकडे हलवून बघा, जराही खडखडली की बोल्ट आवळायचा.

काही रायफलमध्ये बोल्टऐवजी नुसती पिन असते, ती आवळता येत नाही, तिथे बाजूला पातळ वॉशर घालावे लागतात आणि ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्या, आतली स्प्रिंग दाबाखाली असते. बोल्ट आवळल्यावर झिरो नव्याने करा, म्हणजे नेम आणि छर्रा लागतो ती जागा पुन्हा जुळवा, जुन्याच सेटिंगवर मारून बॅरल अजून ढिलीच आहे असं ठरवू नका.