रस्ते अपघातातले मृत्यू आणि गंभीर दुखापती

रस्ता वापरणाऱ्यांपैकी, म्हणजे गाडीतले, दुचाकीवरचे, सायकलवाले, पायी चालणारे, यांच्यातले किती जण अपघातात दगावतात आणि किती जण जबर जखमी होतात, आणि हे आकडे वर्षांगणिक कसे वरखाली होतात, हा या नोंदीचा विषय. ढोबळ चित्र सगळ्यांना ठाऊक असतं : श्रीमंत देशांत १९७०च्या आगेमागे मृत्यूंचा कळस झाला आणि मग उतार लागला, बाकीकडे गाड्या उशिरा आल्या त्यामुळे चढही उशिरा आला आणि बऱ्याच ठिकाणी तो अजून ओसरलेला नाही. पण मृत्यू आणि गंभीर दुखापत एकाच दमात उच्चारायची जी सवय पडलीये ती जरा फसवी आहे, कारण दोन्ही रेषा एकसारख्या चालत नाहीत, आणि दुसरी रेषा तर कोण मोजतंय यावरच निम्मी ठरते.

पहिला बळी : यावर उगाच बरेच वाद आहेत. मोटारीचा पहिला बळी म्हणून बहुतेक ठिकाणी मेरी वॉर्ड यांचं नाव येतं. या बाई सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या अभ्यासक, ३१ ऑगस्ट १८६९ला आयर्लंडमधल्या पार्सन्सटाउनला (आताचं बर) नातेवाइकांनी बनवलेल्या वाफेच्या गाडीतून वळणावर बाहेर फेकल्या गेल्या आणि चाकाखाली आल्या. पण १८३४मधे स्कॉटलंडमधल्या पेझलीजवळ वाफेवरच्या प्रवासी गाडीचं चाक मोडून बॉयलर फुटला होता आणि त्यात चार-पाच जण गेले होते, मग ते का धरायचे नाहीत? धरत नाहीत कारण तो बॉयलरचा स्फोट, गाडीच्या चाकाखाली येणं नव्हे, असं म्हणतात. पेट्रोलच्या गाडीपुरतं बोलायचं तर १७ ऑगस्ट १८९६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही पायी चालणारी बाई गेली, ब्रिटनमधली अशी पहिलीच. गाडीचा वेग किती होता यावर चौकशीत साक्षीदारांचं जमलं नाही, कोणी म्हणे सुसाट, चालवणारा म्हणे ताशी चार मैल. वेगावरून भांडण तेव्हापासूनच चालू आहे म्हणायचं. अमेरिकेत १३ सप्टेंबर १८९९ला न्यूयॉर्कमधे हेन्री ब्लिस ट्रॅममधून उतरताना विजेवर चालणाऱ्या टॅक्सीखाली आले, तिथे पहिला मान त्यांना देतात. 'मोटार' कशाला म्हणायचं ते ठरलं की पहिला बळी आपोआप ठरतो, तरी चाकाखाली येण्याचा निकष लावला तर वॉर्ड यांचाच दावा भक्कम वाटतो.

मृत्यू कशाला म्हणायचं : आता आंतरराष्ट्रीय तुलनेत अपघातानंतर ३० दिवसांच्या आत दगावलेला माणूस मोजतात, पण हे सगळीकडे आधीपासून असं नव्हतं. फ्रान्समधे २००४ संपेपर्यंत ६ दिवस धरायचे, इटलीत १९९८पर्यंत ७ दिवस, जपानच्या पोलिसांचा जुना आकडा २४ तासांचा, तिथे ३० दिवसांचा वेगळा आकडा १९९३पासून मिळतो. जुने तक्ते वापरताना २४ तासांच्या आकड्याला साधारण १.३ने गुणायची पद्धत पडली, ६-७ दिवसांच्या आकड्याला त्याहून बरंच कमी. यात एक गोची अशी की हॉस्पिटलं सुधारली की माणूस पहिल्या दिवशी जात नाही, दहाव्या दिवशी जातो किंवा वाचतो, म्हणजे तो गुणाकाराचा आकडाच काळाबरोबर सरकतो, आणि पन्नास वर्षांची रेषा एकाच गुणकाने काढली तर ती थोडी खोटी पडते. ३१व्या दिवशी गेलेला माणूस ब्रिटनच्या तक्त्यात 'गंभीर जखमी'मधे राहतो.

चढ आणि उतार : ब्रिटनमधे सगळ्यात वाईट वर्ष १९४१, ९,१६९ मृत्यू, युद्धातल्या ब्लॅकआउटमुळे अंधारात माणसं गाड्यांखाली आली. शांततेच्या काळातलं शिखर १९६६, ७,९८५. अमेरिकेचं शिखर १९७२, साडेचोपन्न हजारांच्या आसपास. जपान आणि पश्चिम जर्मनी १९७०च्या सुमारास. एवढ्या वेगवेगळ्या देशांत शिखर पाच-सहा वर्षांच्या फरकाने आलं, याचं एकच कारण कुणाला सापडलेलं नाही. सीटबेल्ट म्हणावा तर तीन बिंदूंचा पट्टा नील्स बोलिन यांनी व्होल्व्होसाठी १९५९मधेच केला पण सक्ती पहिल्यांदा ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९७०च्या शेवटी आली, आणि ब्रिटनमधे पुढच्या सीटवर तर थेट १९८३ला, म्हणजे उतार लागल्यावर सतरा वर्षांनी. ब्रिटनमधे दारूची श्वासचाचणी १९६७ची, ती वेळेच्या दृष्टीने जास्त जुळते. बाकी चांगले रस्ते, गाड्यांचे मजबूत सांगाडे, अँब्युलन्स, १९७३चं तेलसंकट, सगळ्यांचा थोडाथोडा वाटा धरणं सुरक्षित. कोपिट्स आणि क्रॉपर यांनी २००५मधे बऱ्याच देशांचे आकडे लावून दाखवलं की दरडोई उत्पन्न १९८५च्या आंतरराष्ट्रीय डॉलरमधे (देशादेशांतल्या किमतींचा फरक धरून काढलेल्या) ८,६००च्या आसपास पोचलं की लोकसंख्येमागचा मृत्युदर उतरायला लागतो. हे निरीक्षण म्हणून ठीक आहे, आपोआप होणारी गोष्ट म्हणून नाही.

स्मीडचा नियम : ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ आर. जे. स्मीड यांनी १९४९मधे २० देशांचे १९३८चे आकडे घेऊन एक सूत्र मांडलं. गाड्यांची संख्या गुणिले लोकसंख्येचा वर्ग, त्याचं घनमूळ काढायचं आणि ०.०००३ने गुणायचं, की वर्षाचे मृत्यू आले. म्हणजे लोकसंख्या तेवढीच राहून गाड्या दुप्पट झाल्या तर मृत्यू दुप्पट होत नाहीत, साधारण २६ टक्क्यांनीच वाढतात, दर गाडीमागचे मृत्यू उलट कमी होतात. स्मीड यांचा कल असा की समाज जेवढे मृत्यू खपवून घेतो तेवढे होतात, त्याहून वाढले की लोक आणि सरकार काहीतरी करतात. जॉन अॅडम्स यांनी हे पुढे नेलं आणि माणूस सुरक्षित वाटलं की धोका वाढवतो या मताला जोडलं. अँड्रियासन या संशोधकाचा आक्षेप गणिताचा आहे : सूत्र 'दर गाडीमागचे मृत्यू' विरुद्ध 'दर माणशी गाड्या' असं मांडलं की दोन्ही बाजूंना गाड्यांची संख्या बसलेली आहे, एकीकडे छेदात आणि एकीकडे अंशात, मग संबंध दिसणारच, तो दिसला म्हणून कारण सापडलं असं नाही, शिवाय प्रत्येक देशाच्या रेषेचा तिरपेपणा वेगळा येतो. आणि १९६६नंतर ब्रिटनमधे गाड्या वाढत गेल्या तसे एकूण मृत्यू घटत गेले, जे सूत्रात बसतच नाही. तेव्हा आज ते इतिहास म्हणून वाचलं जातं, आणि अँड्रियासन यांचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे.

धोका वाढवण्याच्या मताचं ठळक रूप म्हणजे अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांचा १९७५चा लेख, त्यात अमेरिकेत गाड्यांना सुरक्षेची सक्ती आल्यावर गाडीतले वाचले पण पादचारी जास्त मेले असं सुचवलं होतं. लेओनार्ड एव्हान्स वगैरेंनी नंतरच्या आकड्यांवरून ते खोडलं, पण पूर्ण नाही, सुरक्षेचा थोडा फायदा जास्त धोका पत्करण्यात जातो असं बहुतेक मानतात. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ला एका रात्रीत डाव्या बाजूचा रस्ता सोडून उजवी बाजू धरली, लोक घाबरून जपून चालवू लागले, मृत्यू आदल्या वर्षीच्या १,३१३वरून १,०७७वर आले, आणि लगेच पुढच्या वर्षी परत चढले. भीती ओसरली, एवढंच.

वेग : योरान निल्सन यांच्या सूत्राप्रमाणे सरासरी वेग १ टक्का वाढला तर जीवघेणे अपघात साधारण ४ टक्के आणि गंभीर अपघात ३ टक्के वाढतात. म्हणजे वेग उतरवला की मृत्यू दुखापतींपेक्षा लवकर उतरतात, हे दोन रेषा वेगळ्या चालण्याचं एक कारण. रुने एल्विक यांनी नंतर दाखवलं की मुळात वेग किती होता यावरही हे अवलंबून आहे, ते धरलं तर चित्र जास्त खरं येतं. पादचाऱ्याला ५० किलोमीटरने धडक बसली तर वाचायची शक्यता किती, यावरही असाच घोळ आहे. जुन्या तक्त्यांत ती फारच कमी दिसते, कारण नमुन्यात मुळातच गंभीर केसेस जास्त आल्या होत्या, किरकोळ धडका कोण नोंदवतो. रोसेन आणि सँडर यांनी २००९मधे जर्मन आकडे वजन लावून, म्हणजे कमी नोंदल्या गेलेल्या किरकोळ धडकांचं प्रमाण भरून काढून, तपासले तर ५०ला मरण्याचा धोका बराच कमी निघाला, पण तोच धोका ३०च्या पाचपट आणि ४०च्या दुपटीहून जास्त होता. ३०च्या वेगमर्यादेचा आग्रह धरायला तेवढं पुरतं, आधीचा भीतीदायक आकडा घेऊन फिरायची गरज नाही.

गंभीर दुखापत : इथे खरी पंचाईत आहे. मेलेला माणूस लपत नाही, जखमी माणूस लपतो. ब्रिटनच्या व्याख्येत हाड मोडलं, डोक्याला मार बसून भोवळ आली, हॉस्पिटलात भरती झाला, एवढंच काय उपचार लागेल असा जबर धक्का बसला तरी गंभीर, आणि हे ठरवणार घटनास्थळी आलेला पोलीस, ज्याला डॉक्टरकी येत नाही. २०१६च्या सुमारास तिथल्या काही पोलीस दलांनी नवी संगणक पद्धत घेतली, त्यात पोलीस 'गंभीर की किरकोळ' असं ठरवत नाही, दुखापत काय ती निवडतो आणि वर्ग आपोआप लागतो. झालं, गंभीर जखमींचा आकडा एकदम फुगला, रस्ते मात्र कालचेच. मग संख्याशास्त्रज्ञांना मागचे आकडे जुळवून घ्यायला लागले, आणि आता तिथे जुळवलेला आणि न जुळवलेला असे दोन आकडे चालतात, बातम्यांत कुठला घेतलाय ते बघावं लागतं.

युरोपीय संघाने यातून वाट काढायला डॉक्टरी मोजपट्टी घेतली. एआयएस नावाची दुखापतीची पट्टी १९७१पासून आहे, १ म्हणजे किरकोळ आणि ६ म्हणजे जवळपास वाचणं अशक्य, शरीरातली सगळ्यात वाईट जखम ३ किंवा वरची असेल तर माणूस गंभीर जखमी. हे मोजायला हॉस्पिटलची नोंद लागते आणि ती पोलिसांच्या नोंदीशी जोडायला लागते, ते सगळ्या देशांना सारखं जमलेलं नाही. ही पट्टी मुळात जिवाला धोका किती ते सांगते, पुढे किती लंगडणार ते नाही, म्हणून घोट्याची वाट लागलेला माणूस हिच्यात बसत नाही. स्वीडन म्हणून कायमचं अपंगत्व १ टक्का किंवा जास्त राहील का यावर मोजतं, जे मला तरी जास्त शहाणपणाचं वाटतं.

नेदरलँड्समधे आणखी एक गोष्ट दिसली. गंभीर जखमींत मोठा भाग सायकलवाल्यांचा, आणि त्यातले बरेच कुठल्याही मोटारीला न धडकता स्वतःच पडलेले, त्यात वयस्कर माणसं बरीच. मोटार नाही तर पोलीस येत नाहीत, पोलीस आले नाहीत तर नोंद नाही. म्हणून पोलिसांची रेषा खाली जात असताना हॉस्पिटलची रेषा वर जाऊ शकते, दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

अलीकडचा कल : जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने २०२१मधे जगात ११.९ लाख मृत्यू झाले, २०१०पेक्षा ५ टक्के कमी, आणि ९२ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. ५ ते २९ वयात मरणाचं हेच पहिलं कारण. युरोप विभागात ३६ टक्के घट, आफ्रिकेत १७ टक्के वाढ. चारचाकीतले ३० टक्के, पादचारी २३, दुचाकी-तीनचाकीवाले २१, सायकलवाले ६. याच काळात पादचाऱ्यांचे मृत्यू ३ टक्के आणि सायकलवाल्यांचे जवळपास २० टक्के वाढले, म्हणजे जी घट झाली ती पत्र्याच्या आत बसलेल्यांना जास्त मिळाली. जखमींचा जागतिक आकडा २ ते ५ कोटी असा दिला जातो, या अंतरावरूनच मोजणीची अवस्था कळते.

श्रीमंत देशांतही उतार सरळ राहिला नाही. ब्रिटनमधे २०१०ला १,८५० आणि २०१९ला १,७५२, जवळपास सपाट. अमेरिकेत २०२०मधे साथीमुळे गाड्या कमी धावल्या तरी मृत्यू वाढून ३९ हजारांवर गेले, २०२१मधे ४३ हजारांवर, मोकळे रस्ते आणि वेग, न लावलेले बेल्ट, दारू ही कारणं सांगतात. तिथे पादचाऱ्यांचे मृत्यू २००९च्या ४,१००वरून २०२२ला ७,५००च्या वर गेले, बहुतेक रात्रीचे, उंच बोनेटच्या गाड्यांना दोष देणारे बरेच आहेत पण सगळी वाढ त्यानेच झाली असं म्हणता येत नाही. उलट बाजूला स्वीडनच्या संसदेने १९९७मधे शून्य मृत्यूचं धोरण स्वीकारलं, माणूस चुकणारच पण चुकीची शिक्षा मरण नको असं त्याचं सूत्र, आणि शेजारच्या नॉर्वेतल्या ऑस्लोत २०१९मधे वर्षभरात एकही पादचारी किंवा सायकलवाला मेला नाही, फक्त एक गाडीवाला गेला. युरोपीय संघाने २०३०साठी ठरवलेलं उद्दिष्ट मृत्यू आणि गंभीर दुखापती दोन्ही २०१९च्या निम्म्यावर आणायचं आहे, गंभीर दुखापतींसाठी वरची एआयएसचीच मोजपट्टी.

ई-स्कूटर वगैरे छोट्या वाहनांवरचे मृत्यू जागतिक तक्त्यात ३ टक्के म्हणून दिसतात, हा रकाना नवा आहे आणि त्यामागे अजून लांब रेषा नाही.