चष्म्याचा नंबर बरोबर, तरी डोकं का दुखतं?

डोळे तपासून बाहेर पडताना हातात जो कागद मिळतो, त्यावर दोन डोळ्यांच्या दोन ओळी असतात. स्फेरिकल म्हणजे मुख्य नंबर, सिलिंड्रिकल म्हणजे डोळ्याचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्यामुळे लागणारा नंबर, त्याची दिशा सांगणारा अ‍ॅक्सिस; चाळिशी लागली असेल तर जवळचा नंबर. हा कागद घेऊन गल्लीतल्या चष्म्याच्या दुकानात जा किंवा त्याचा फोटो मोबाइलवरून पाठवा, काच बनणार ती याच नंबरची. मग ऑनलाइन एवढं स्वस्त मिळत असताना दुकानाची पायरी का चढायची, हा प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर त्या कागदावर बहुतेक वेळा न लिहिलेल्या एका आकड्यात आहे: तुमच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर.

चष्म्याच्या धंद्यात याला सगळे ‘पीडी’ म्हणतात. मोठ्या माणसांत हे अंतर साधारण ५४ ते ७४ मिलिमीटर असतं आणि सरासरी ६३ च्या आसपास येते. वीस मिलिमीटरचा हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण काचेच्या दृष्टीनं तो प्रचंड आहे.

प्रत्येक भिंगात एक जागा अशी असते, जिथून प्रकाशकिरण न वळता सरळ पार होतो. ते भिंगाचं प्रकाशीय केंद्र. ते बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवं. त्या केंद्रापासून बाजूला सरकून बघितलं की तीच काच लोलकासारखी (प्रिझमसारखी) वागते, म्हणजे समोरची वस्तू आहे तिथून सरकलेली दिसते. किती सरकेल, याचा नियम न्यूयॉर्कचे चष्मातज्ज्ञ चार्ल्स प्रेंटिस यांनी १८९० च्या सुमारास मांडला आणि तो आजही जगभर वापरला जातो. नियम शाळेतल्या गुणाकाराइतका सोपा आहे. केंद्र किती सेंटिमीटर चुकलं, त्याला नंबरनं गुणा. उत्तर येतं ‘प्रिझम डायॉप्टर’मध्ये, आणि एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर एक सेंटिमीटरचा सरकाव.

आता एक उदाहरण करून बघू. दोन्ही डोळ्यांना मायनस ६ नंबर, खरी पीडी ६०, आणि काच बसवली ६६ धरून. प्रत्येक डोळ्यासमोरचं केंद्र ३ मिलिमीटर बाहेर गेलं. ०.३ गुणिले ६, म्हणजे १.८, दोन्ही डोळे मिळून ३.६. पाच मीटरवरच्या फळ्याकडे बघताना दोन डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमांमध्ये १८ सेंटिमीटरची फारकत. ती मिटवून एकच चित्र दिसावं म्हणून डोळ्यांना किंचित बाहेरच्या बाजूला वळावं लागतं. जवळचं बघताना आत वळायची सवय डोळ्यांना जन्मभर असते, बाहेर वळायची मात्र फारशी नसते. मेंदू तरीही ते जमवून नेतो. दिवसभर, न कुरकुरता. संध्याकाळी कपाळ ठणकतं आणि माणूस म्हणतो, नंबर वाढला वाटतं.

वर-खाली चूक झाली तर सहनशक्ती आणखी कमी. एक डोळा वर आणि एक खाली अशी हालचाल आपल्याला जवळपास येतच नाही. एखाद्या प्रिझम डायॉप्टरचा उभा फरकही बऱ्याच जणांना त्रास देतो. मायनस ६ च्या चष्म्यात एकच काच २ मिलिमीटर खाली बसली तर १.२ चा फरक झालाच. आणि आपले दोन्ही कान एका पातळीत असतातच असं नाही. दुकानातला माणूस चष्मा चढवून देतो, दोन पावलं मागे सरकून बघतो, काडी गरम करून जराशी वाकवतो, पुन्हा चढवतो. आपल्याला ती निव्वळ वरवरची कारागिरी वाटते. प्रत्यक्षात तो माणूस प्रेंटिसचा नियम सांभाळत असतो.

हाच नियम ऑनलाइन खरेदीच्या बाजूनंही बोलतो, आणि हे दुकानदारांनी मान्य करायला हवं. मायनस १ नंबर असेल तर वरच्याच चुकीचे ३.६ ऐवजी ०.६ होतात, आणि डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. कमी नंबर, सिलिंड्रिकल नाही किंवा नगण्य, एकाच अंतराची काच: अशा माणसानं ऑनलाइन चष्मा मागवला तर विज्ञानाची काही हरकत नाही. दोन्ही डोळ्यांना सारखाच प्लस दीड-दोन असेल तर वाचायचा तयार चष्माही चालतो. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. जवळचा चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता, न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. ज्या तालुक्यात चष्म्याचं धड दुकान नाही, तिथे स्वस्त चष्मा घरपोच येणं ही छोटी गोष्ट नाही.

पीडी घरी मोजता येते, फक्त पद्धत नीट हवी. काही अ‍ॅप चेहऱ्याजवळ डेबिट कार्ड धरून सेल्फी घ्यायला सांगतात, कारण अशा कार्डाची रुंदी सगळीकडे ८५.६ मिलिमीटर असते आणि तीच मोजपट्टी होते. पण हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्याकडे बघताना डोळे आत वळतात आणि अंतर सुमारे ३ मिलिमीटर कमी भरतं. अ‍ॅपनं ही दुरुस्ती केली नाही तर आकडा चुकतो. माझ्या मते साधा आरसा अधिक भरवशाचा. आरशासमोर वीतभर अंतरावर उभं राहून पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटा, डाव्या डोळ्यानं त्याच डोळ्याची आरशातली बाहुली बघा आणि पट्टीवरचा शून्य तिच्या समोर आणा. मग डोकं आणि पट्टी जराही न हलवता डावा मिटून उजवा उघडा आणि उजव्या बाहुलीसमोरचा आकडा वाचा. आपलाच डोळा आरशात बघताना नजर आरशाला काटकोनात असते; म्हणून दोन्ही डोळ्यांच्या नजरा आपोआप समांतर होतात, जशा दूरवर बघताना असतात.

ही युक्ती प्रोग्रेसिव्ह काचेला, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर रेघेशिवाय एकत्र असलेल्या काचेला, मात्र पुरत नाही. फ्रान्समधले बर्नार्ड मेतनाझ यांची ‘व्हॅरिलक्स’ ही काच १९५९ साली बाजारात आली, आणि बायफोकलची ती ठसठशीत रेघ गेली. वर लांबचं, खाली जवळचं आणि मध्ये हळूहळू वाढत जाणारा नंबर. पण या सोयीची किंमत गणितानं ठरवून ठेवली आहे. गणितज्ञ मिंकविट्झ यांच्या १९६३ च्या प्रमेयानुसार मधल्या पट्ट्यात नंबर ज्या वेगानं वाढतो, त्याच्या दुप्पट वेगानं बाजूला नको असलेला सिलिंड्रिकल दोष वाढतो. जवळचा नंबर प्लस २ आणि तो १४ मिलिमीटरमध्ये गाठायचा असेल, तर मधल्या भागात स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटर रुंद उरतो. कुठल्याही कंपनीनं काहीही सांगितलं तरी तो दोष नाहीसा होत नाही, फार तर इकडचा तिकडे पसरवता येतो. एवढ्या अरुंद पट्ट्यावर नजर यायची तर प्रत्येक डोळ्याची पीडी नाकाच्या मध्यापासून वेगळी मोजावी लागते आणि निवडलेली फ्रेम चढवून, बाहुलीची उंची तिच्या काचेवर स्केच पेननं टिंब देऊन घ्यावी लागते. सरासरीवर हे काम होत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्मा मी केवळ फोटोवरून कोणालाही मागवू देणार नाही.

ज्यांचा नंबर मोठा, त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. मायनस ८ चा चष्मा नाकावरून ४ मिलिमीटर पुढे घसरला तर डोळ्याला मिळणारा नंबर सुमारे ०.२ नं घटतो. मायनस २ वाल्याला हे जाणवतही नाही.

मोजून बघितलेले पुरावेही आहेत. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा जणांनी दहा संकेतस्थळांवरून मागवलेले १५४ चष्मे तपासले; जवळपास ४५ टक्के चष्मे नंबरच्या अचूकतेत किंवा आघात सोसण्याच्या चाचणीत, निदान एका कसोटीवर नापास झाले. ब्रिटनमधल्या २०१६ च्या एका तुलनात्मक अभ्यासात ३३ जणांनी ३०९ चष्मे वापरून पाहिले. नापसंत चष्म्यांचं प्रमाण ऑनलाइनमध्ये जास्त होतं, पण दुकानातले सगळे चष्मेही उत्तीर्ण झाले नव्हते. ही दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. दुकानात गेलात आणि कोणी पीडी मोजलीच नाही, फ्रेम चढवून बघितली नाही, तर तुम्ही दुकानाचे पैसे मोजून ऑनलाइनचाच चष्मा घेतलात. ‘पीडी किती आली, कागदावर लिहून द्या’ असं बेधडक सांगा.

जादा पैसे काढण्यात दोन्ही बाजू सारख्याच. निळा प्रकाश अडवणाऱ्या ‘ब्ल्यू कट’ काचेनं डोळ्यांचा ताण कमी होतो, याला १७ चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या २०२३ च्या अहवालात आधार सापडला नाही. कमी नंबरला महागडी पातळ काच लागत नाही. प्रतिबिंबरोधक लेप मात्र उपयोगाचा आहे, कारण साध्या प्लास्टिकच्या काचेचे दोन पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परतवतात आणि रात्री गाडी चालवताना ते जाणवतं. मुलांसाठी सहजासहजी न फुटणारी पॉलिकार्बोनेट काचच घ्या आणि ती दुकानातूनच घ्या. मुलांचं नाक बसकं, चष्मा सतत घसरतो, तो वारंवार घट्ट करून द्यायला माणूस जवळ हवा.

चष्मा कुठूनही आला तरी आधी त्याचा नंबर लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. कोणत्याही चष्म्याच्या दुकानात हे काम पाच मिनिटांत होतं. दुसरीकडचा चष्मा तपासायचे त्यांनी पैसे मागितले तर ते द्यावेत, त्यांच्या कौशल्याचे ते पैसे आहेत. नव्या नंबरनं पहिले काही दिवस जमीन उंच-सखल वाटणं नेहमीचं आहे. दोन-दोन दिसणं, एक डोळा मिटल्यावर बरं वाटणं किंवा आठवड्यानंतरही रोज डोकं दुखणं हे मात्र सवयीनं जाणार नाही. तेव्हा चष्मा परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे, ते पैसे भरण्याआधीच वाचून ठेवा.