संलग्न कोनांची कोज्या

कोज्या म्हणजे शाळेत आपण कॉस म्हणतो तीच. एखादा कोन अ घ्या आणि तो ०, ९०, १८०, २७० किंवा ३६० अंशांत मिळवा नाहीतर त्यातून वजा करा, जे कोन येतात ते अ चे संलग्न कोन, आणि त्यांची कॉस फिरून फिरून अ च्या कॉसवर नाहीतर साइनवरच येते, फक्त चिन्ह बघायचं. याचा तक्ता पोरं घोकत बसतात, पण ज्याने खाडीचं पाणी चढता-उतरताना बघितलंय त्याला खरं तर तक्ता लागू नये.

दाभोळच्या खाडीत धक्क्याचा खांब असतो ना, कालवं चिकटलेला, तो डोळ्यासमोर आणा. मधल्या पातळीला शून्य धरा, भरतीला पाणी १ मीटर वर आणि सुकतीला १ मीटर खाली जातं समजा. भरती ते भरती साधारण १२ तास २५ मिनिटं, तेवढ्यात ३६० अंश, भरतीपासून मोजायचे; त्या कोनाची कॉस म्हणजे पाण्याची मीटरमधली पातळी. दुपारी १२ ला पूर्ण भरती असेल तर २:०४ ला ६० अंश झाले, पाणी शून्याच्या ५० सेंमी वर. सकाळी ९:५६ ला, म्हणजे −६० ला, पाणी चढत होतं पण खांबावर नेमकं त्याच कालवाशी होतं: कॉस(−अ) = कॉस अ. पूर्ण सुकती ६:१२ च्या सुमारास, तिच्या तेवढंच अलीकडे ४:०८ ला, १२० अंशांवर, पाणी ५० सेंमी खाली: कॉस(१८०−अ) = −कॉस अ. सुकतीच्या तेवढंच पलीकडेही तसंच, म्हणून कॉस(१८०+अ) सुद्धा −कॉस अ. खरं पाणी एवढं शिस्तीत वागत नाही, उधाणाला जास्त चढतं, भांगाला कमी, पण आपलं काम भागतं.

९० ला मात्र नावच बदलतं. कोज्या म्हणजे कोटिज्या, कोटिकोनाची (९० पुरे करणाऱ्या कोनाची) ज्या, म्हणजे साइन, त्यामुळे कॉस(९०−अ) = साइन अ हे सूत्र शब्दातच बसलंय. काटकोन त्रिकोणात एका लघुकोनाची लगतची बाजू ती दुसऱ्याची समोरची, बस एवढंच. कॉस(९०+अ) मात्र −साइन अ.

हमखास चूक म्हणजे कंस फोडून कॉस ९० − कॉस अ लिहिणं; अ = ३० घेतलं तर −०.८६६ येतं, खरं उत्तर ०.५. आणि ताळा करायला कॅल्क्युलेटर घेतलात तर तो अंशांवर आहे ना बघा, रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) असेल तर कॉस ६० चं उत्तर −०.९५ दाखवतो आणि आपण उगाच सूत्राला दोष देत बसतो.